सुईला न गवसणारे आवरण

हिंगण्याजवळ डिगडोहच्या टेकडीवरील रुग्णालयात, थायरॉइडच्या गाठीतून सुईने काढलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना एक विसंगती मला अस्वस्थ करते. सर्वांत उग्र असा अॅनाप्लास्टिक कर्करोग सहसा लपत नाही. अवाढव्य, वेडीवाकडी केंद्रके आणि मृत पेशींचा गाळ. निदान होते, रुग्णापाशी मात्र बहुधा काही महिनेच उरलेले असतात. फॉलिक्युलर कर्करोग सुईला दाद देत नाही. गाठीचे आवरण किंवा रक्तवाहिनी भेदली गेली आहे का, यावर तो ठरतो. सुईत येतात त्या केवळ पेशी. २०१०च्या बेथेस्डा पद्धतीतील चौथा वर्ग ही या मर्यादेची प्रांजळ कबुलीच. (कबुलीने रुग्णाचे समाधान होत नाही, हे वेगळे.)

“साधीच गाठ आहे न जी, डॉक्टरसाहेब?”

“मावशी, काढून तपासल्याशिवाय नाही सांगता येत.”