काट्याचा शिक्का

पुण्याच्या मार्केट यार्डात धान्याची पेढी चालविणाऱ्या एका कुटुंबातील नात विमान-देखभालीचे शिक्षण घेऊ लागली, तेव्हा आजोबांना शेठ वालचंद हिराचंद आठवले. सोलापूरच्या या जैन उद्योजकाने १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभारली. महायुद्धात तेथे दोस्त राष्ट्रांची विमाने दुरुस्त होत. विमानाचे इंजिन दुरुस्त करणे म्हणजे नेमके काय, हे मात्र आजोबांना कळले ते नातीकडूनच.

प्रशिक्षणाच्या छोट्या विमानाचे इंजिन साधारण २००० तासांच्या उड्डाणानंतर पूर्ण खोलून पुन्हा जोडतात. सिलिंडरचे नट किती बळाने आणि कोणत्या क्रमाने आवळावेत, हे निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. बोल्ट आवळला की तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो. ताण कमी पडला तर जोड हलू लागतो. अधिक झाला तर बोल्टच दुबळा होतो. शिवाय हाताचे बहुतेक बळ घर्षणातच खर्ची पडते. म्हणून आटे कोरडे ठेवावेत की त्यांना तेल लावावे, हेही पुस्तिकाच सांगते. कोरड्या आट्यांचा आकडा तेलकट आट्यांना लावला, तर पाना बरोबर दाखवतो आणि बोल्ट मात्र अती ताणला जातो.

एकदा काम चालू असता कोणी हाक मारली. परतल्यावर एक नट आवळला की नाही, हे तिला आठवेना. सहकारी म्हणाला, "पाना लावून बघ. टक् वाजले की झाले."

पण जास्त आवळलेल्या नटावरही पाना तसाच वाजतो. तिने त्या सिलिंडरचे सर्व नट सैल केले, आट्यांना पुन्हा तेल लावले आणि पहिल्यापासून क्रमाने आवळले. घरी यायला रात्र झाली.

"कोणी पाहत होते का गं?" आजोबांनी विचारले.

"नाही, आजोबा. पण त्या विमानातून एखादा विद्यार्थी पहिल्यांदाच एकटा उडणार असतो."

"आणि तो पानाच खोटा निघाला तर?"

"तो ठरलेल्या मुदतीत तपासून आणतात. त्यावर तारखेची चिठ्ठी असते. मुदत उलटली, तर त्याला हात लावायचा नाही."

आजोबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेढी उघडताच त्यांनी वजनकाट्याच्या पडताळणीच्या शिक्क्यावरील तारीख पाहिली. मुदत संपायला आठ दिवस होते. दिवाणजींना त्यांनी त्याच सकाळी वैधमापन कार्यालयात पाठविले.