हसऱ्या मातीचे गाव

क्योतोची देवळे पाहून झाली की बहुतेक प्रवासी ओसाकाची वाट धरतात. आम्ही उलट दिशेने निघालो आणि किबुकावा स्थानकावर एका डब्याच्या चिमुकल्या गाडीत जाऊन बसलो. हा लोहमार्ग पुरता पंधरा किलोमीटरांचाही नाही. पण डोंगर चढून गाडी शिगाराकीला थांबली, तेव्हा स्वागताला माणसांच्या आधी मातीची जनावरे हजर!

तानुकी हा जपानच्या रानातला, कुत्र्याच्या कुळातला प्राणी. रूप पालटून माणसांना चकवणारा म्हणून लोककथांत त्याची ख्याती आहे. शिगाराकीच्या कुंभारांनी त्याला दोन पायांवर उभे केले, डोक्यावर गवती टोपी चढवली, एका हातात मद्याची सुरई आणि दुसऱ्या हातात उधारीची वही दिली. पोट तर असे, की स्वारी नुकतीच पंगतीतून उठली आहे! स्थानकाबाहेरचा तानुकी चांगला पाच मीटर उंच.

“अहो, हा अगदी आपल्या वाण्यासारखा दिसतो,” सौ. म्हणाल्या.

तर्क बरोबर होता. टोपी संकटापासून राखते, वही पत सांगते, पोट धीर दाखवते, असे अर्थ लावून दुकानदार त्याला दाराशी उभा करतात. शिवाय त्याच्या नावात श्लेष आहे. ‘ता’ म्हणजे इतर आणि ‘नुकी’ म्हणजे मागे टाकणे. धंद्याला याहून चांगला शकुन कोणता?

शिगाराकीची गणना जपानच्या सहा प्राचीन कुंभारगावांत होते. तानुकीचे हे रूप मात्र गेल्या शतकातले. १९५१ साली सम्राट हिरोहितो येथे आले, तेव्हा गावकऱ्यांनी ध्वज घेतलेले तानुकी रस्त्याकडेला ओळीने उभे केले. सम्राटांना मौज वाटली, त्यांनी कविता रचली आणि तानुकी देशभर गाजला.

या हसण्याची किंमत कळायला थोडे मागे जावे लागते. महायुद्धाच्या अखेरीस धातूचा तुटवडा पडला, तेव्हा येथल्या भट्ट्यांतून मातीचे हातबाँब भाजून निघत. ज्या मातीत १९४५ साली स्फोटाची दारू भरायची, तिच्याच हाती सहा वर्षांनी प्यायच्या दारूची सुरई आली!

युद्धानंतर गाव जगले ते शेगड्यांवर. बिवा सरोवराच्या प्राचीन तळाची ही भरड माती मोठ्या वस्तूंना उत्तम. हात शेकायच्या ‘हिबाची’ शेगड्या येथूनच घरोघरी जात. पुढे रॉकेलचे स्टोव्ह आले, वीज आणि गॅस आले, आणि शेगडीचे दिवस सरले. भट्ट्या विझायच्या नसतील तर दुसरे काही घडवणे भागच होते. कुंड्या, फरश्या, बागेतली बाके निघू लागली. आणि अर्थात तानुकी. उपयोगाने हात सोडला, तेव्हा खेळाने गावाला हात दिला.

कलावंतांनाही ही माती मानवली. तारो ओकामोतोने १९६३ साली मातीच्या रंगीत बैठका केल्या. त्यांच्या पाठीवर नव्हे, बसायच्या जागीच डोळे वटारलेले चेहरे! नाव काय, तर ‘बसू न देणारी खुर्ची’. त्याच्याच ओसाकातल्या १९७० च्या ‘सूर्यमनोऱ्या’च्या पाठीवरचा काळा सूर्य शिगाराकीच्या फरश्यांचा आहे. १९९० साली येथे मृत्कलेचे मोठे उद्यान उघडले. देशोदेशींचे कलावंत तेथे राहून काम करतात.

उद्यानातल्या काही कृती पाहून “याचा उपयोग काय?” असे जिभेवर येते. पण दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या पोराला आपण हे कधी विचारतो का? त्याचे कोपरापर्यंत माखलेले हात पाहून आईच रागावते, तेवढेच.

आम्ही वीतभर उंचीचा एक तानुकी घेतला. सौ.नी तो दिवाणखान्यात मांडायचा बेत केला होता. पण मुलांनी तो केव्हाच पळवला. सध्या तो किल्ल्याच्या महादरवाजावर, दोन मावळ्यांच्या मध्ये, वही सावरत पहारा करतो आहे.