दुसऱ्यांदा रांगेत कोण?

काशीतल्या अमृतराव घाटाला ज्यांचं नाव आहे ते अमृतराव पेशवे म्हणजे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र. 1803 मध्ये इंग्रजांशी तह करून त्यांनी वर्षाला सात लाखांचं उत्पन्न घेतलं आणि पुण्याच्या राजकारणातून अंग काढलं. त्यांच्या दानधर्माची एक हकिगत बिशप हेबरच्या 1824 च्या प्रवासवर्णनात आहे. वर्षातल्या एका दिवशी, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, येईल त्या ब्राह्मणाला आणि आंधळ्या-पांगळ्याला शेरभर तांदूळ आणि एक रुपया. दान मिळालं की त्याला बागेत बसवायचं आणि संध्याकाळपर्यंत सोडायचं नाही. आत सावली, पाणी, देव, सोबत, सगळं होतं. फक्त कुणी पुन्हा रांगेत उभं राहू नये एवढाच बंदोबस्त.

हा बंदोबस्त मला फार पटायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात हयात घालवल्यावर पटणारच!

म्हणून 9 फेब्रुवारी 2024 ला राज्य सरकारने नियम बदलला तेव्हा मी खूश झाले. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला शिक्षण हक्क कायद्याने गरीब आणि वंचित मुलांसाठी मोफत ठेवायच्या 25 टक्के जागांतून सूट. या जागांची भरपाई सरकार शाळेला देतं. आमचे पगार, इमारत, पोषण आहार हे सगळं सरकार भरतंच. मग शेजारच्या इंग्रजी शाळेला मुलामागे वर्षाला 17,670 रुपये कशाला मोजायचे? एका पोराच्या नावावर दोनदा शिधा, असंच मी स्टाफरूममध्ये म्हणायचे.

मुंबई उच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली आणि 19 जुलैला तो बदल रद्दच केला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. निकालाला नावं ठेवायची म्हणून मी मूळ कायदा उघडला. कलम 12 म्हणतं, भरपाई सरकारचा दर मुलामागचा खर्च किंवा शाळेची फी, यांत जे कमी असेल तेवढीच. त्याखालचं परंतुक तर मी कधी वाचलंच नव्हतं. ज्या शाळेने जमीन किंवा इमारत फुकट वा सवलतीत घेऊन काही मोफत जागांचं बंधन पत्करलं आहे, तिला त्या जागांचे पैसे नाहीत. म्हणजे दोनदा घेण्यावर पहारा होताच, पण तो संस्थाचालकावर. मी मात्र तो धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या पोरावर बसवत होते.

शिवाय आमचा पट मुख्यतः फी भरून गेलेल्या मुलांनी रिकामा केला. त्यात आम्हा शिक्षकांचीही मुलं होती, हे ओघाने सांगते. त्यांना कुणी किलोमीटर मोजायला लावला नाही.

तरी सगळं मिटलेलं नाही. पटावर शिक्षकांची पदं ठरतात, त्यामुळे 25 टक्क्यांतून चार मुलं गेली तर वाडीवरच्या शाळेतला एक शिक्षक जाऊ शकतो. मागे उरलेल्या मुलांचा काय दोष? भरपाईचाही प्रश्न उरतोच. अमृतराव घाट ज्या राज्यात आहे तिथे हा दर मुलामागे बरीच वर्षं दरमहा 450 रुपये होता, आणि आमच्याकडे थकबाकीवरून संस्थाचालक सतत कुरकुरतात. सरकारने त्यांचं थकवू नये, आणि अशा प्रवेशांमुळे आमची पदंही उडवू नयेत. यातलं दुसरं म्हटलं की आमची संघटना टाळ्या वाजवते; पहिल्यावर अजून मी एकटीच बोलते.