पणजीचं माहेर

आमच्या घरची वंशावळ पुरुषांच्या बाबतीत चोख आहे. पणजीपुढे मात्र फक्त सासरचं नाव. तिचे वडील कोण, माहेर कुठलं, हे घरात कुणालाच सांगता येईना. जिच्यामुळे आम्ही सगळे आहोत तिच्याबद्दल एवढंही ठाऊक नसावं, याचं मला फार वाईट वाटे.

सुरुवात पनवेलच्या तहसील कचेरीतल्या जुन्या दप्तरापासून केली. 1883 च्या आधीचे कागद हवे असतील तर ठाण्याकडेही चौकशी करावी लागते, कारण पनवेल तालुका तोपर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. मग तो कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगडात आला. आमचे पणजोबा 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेले. त्यानंतरच्या फेरफारात वारस म्हणून त्यांचा लहान मुलगा, म्हणजे माझे आजोबा, आणि पुढे ‘अ.पा.क. आई’ म्हणून पणजीचं नाव. अज्ञान पालन कर्ता. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांनी ती ओळ वाचून दाखवली तेव्हा माझे डोळे भरून आले. नवरा गेला, पदरात अज्ञान मूल, म्हणून सरकारला तिचं नाव लिहावं लागलं. ब्रिटिश वसाहतींच्या काळातल्या अमेरिकन बायकांची कुळं शोधणारेही असेच मृत्युपत्रं आणि वाटण्यांचे कागद चाळतात, कारण तिथे विधवेला नवऱ्याच्या जमिनीत हयातीपुरता तिसरा हिस्सा मिळे. बाईचा माग असा बहुतेकदा पुरुषाच्या मरणापाशीच लागतो.

पण फेरफारात माहेर कुठून येणार?

ते मिळालं आजोबांच्या श्राद्धाच्या वहीत. श्राद्धात बापाकडच्या तीन पिढ्यांबरोबर आईच्या माहेरच्याही तीन पिढ्यांचा उच्चार होतो: मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह, सपत्नीक, गोत्रासकट. आजोबांनी ती सगळी नावं शाईने नीट लिहून ठेवली होती. इतकी वर्षं वही देवघराच्या फडताळात होती आणि आम्ही तिला नुसती पूजेची वही समजत होतो. आडनाव त्यात नव्हतं, कारण संकल्पात आडनाव लागतच नाही. मग त्या गोत्राच्या घराण्यांचे छापील कुलवृत्तांत काढून बसलो. तीन नावं त्याच क्रमाने एका घराण्यात जुळली. गाव पनवेलपासून फार लांब नव्हतं.

खात्रीसाठी त्र्यंबकेश्वरला गेलो. त्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांनी नामावळी उघडली. पणजीच्या भावाने तिथे येऊन केलेली नोंद होती: त्याचं नाव, बापाचं, आजाचं, मुलांची. वहीतल्या नावांशी तंतोतंत मेळ. बहिणीचा उल्लेख नव्हता. कुलवृत्तांतातही तिच्या पिढीतले फक्त भाऊ आहेत. लग्नाआधी तिला घरी काय हाक मारत, ते मला कुठेही सापडलेलं नाही. माझ्या मते आपल्या वंशावळींतला हा सर्वांत मोठा दोष आहे, आणि नव्या आवृत्त्या काढणाऱ्या कुलमंडळांनी लेकींची नोंद माहेरच्या नावानिशी करून तो दुरुस्त करायला हवा.

तुमच्या घरात आजी, पणजी, आत्या, मावशी असेल तर या आठवड्यातच तिच्यापाशी बसा. तिचं माहेरचं नाव, आईवडिलांची नावं, आईचं माहेर, गाव, सगळं विचारा आणि लिहून ठेवा.