काजूच्या बागेचं देणं

माझ्या शिक्षणाचा खर्च काजूच्या बागेने केला आणि ती बाग उभी करण्याचा खर्च मला कधीही न भेटलेल्या माणसांनी. त्यांचं ऋण आठवताना पहिलं नाव येतं वि. स. पागे यांचं. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पागेसाहेबांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आकाराला आली. १९७२च्या दुष्काळात तिने लाखो चुली पेटत्या ठेवल्या, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून मागेल त्याला काम देणं सरकारला बंधनकारक झालं.

आमच्या सिंधुदुर्गातल्या घरात मात्र ती योजना शिरली १९९० नंतर, तिला फळबाग लागवडीची जोड मिळाली तेव्हा. १९८२च्या गिरणी संपानंतर बाबा मुंबईहून गावी परतले होते. भात वर्षभर पुरत नसे आणि वरकस जमिनीत गवताखेरीज काही नव्हतं. तिथे काजू लावा, कलमं, खत आणि खड्ड्यांची मजुरीसुद्धा सरकार देईल, असं कृषी सहाय्यकांनी सांगितलं तेव्हा आजीने विचारलं, "आपल्याच जमनीत खड्डे मारूचे आणि मजुरी सरकारान देवची?" योजनेचं सगळं मर्म त्या प्रश्नात होतं. खडी फोडल्याची मजुरी आठवडाभरात संपते. इथे हाताला काम मिळालं आणि मागे झाडंही राहिली.

अनुदान तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळायचं, तेही कलमं जगली तरच. त्यामुळे कृषी सहाय्यक उन्हातान्हात डोंगर चढून येत. पानं गळालेल्या कलमाची साल नखाने जराशी खरवडून बघत. आत हिरवं दिसलं की आईला बजावत, "वहिनी, जीव आहे यात, पाणी बंद करू नका." सांध्याखालून आलेली फूट वेळीच खुडायची, नाहीतर खालचं रानटी झाड माजतं आणि कलम मरतं, हेही त्यांनीच शिकवलं. व्हाळातून कळशीने पाणी आणलं ते आईने. कागदोपत्री लाभार्थी बाबा. बाग जगवली तिने.

या सगळ्याला पैसा आला कुठून? मुख्यतः शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय करातून. सरकार त्यात तेवढीच भर घालत असे. आज माझ्याही पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये त्याच नावाने जातात. ते देताना मला कधीच जड वाटत नाही.

मात्र आमची बाग नुसत्या पैशाने उभी राहिली नाही. लावलेलं झाड जगलं का, हे बघायला तीन वर्षं कुणीतरी येत राहिलं. गरिबी हटवण्याच्या नव्या योजना आखणाऱ्यांकडे माझं मागणं एवढंच आहे: अनुदानाबरोबर पाठीशी उभा राहणारा माणूसही द्या. तो मिळाला म्हणून आमचं घर वर आलं.