जुनी तबकडी, नवे कान

इंग्लंडातील बीटल्स या चौघा वादकांची ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ ही ध्वनिमुद्रिका १९६७ साली निघाली. तिला पन्नास वर्षे झाली तेव्हा, म्हणजे २०१७ च्या मे महिन्यात, तीच पुन्हा नव्याने घडवून बाजारात आणली गेली. तिच्याविषयी काही लिहावे असे तेव्हापासून आमच्या मनात आहे. वाचकांपैकी साठी ओलांडलेल्यांना बीटल्स ठाऊक असणारच. ज्यांना ठाऊक नसतील त्यांनी आपल्या गायनवृंदातील कोणाही गिटारवाल्यास विचारावे, तो सांगताना थांबणार नाही.

ही तबकडी आमच्या वसईच्या घरी आली ती मामांमुळे. मामा बोटीवर होते. १९६८ मध्ये ते परतले तेव्हा त्यांच्या पेटीत कापडात गुंडाळलेली ही तबकडी आणि सुटकेसच्या आकाराचा एक रेकॉर्ड प्लेअर होता. प्लेअरला स्पीकर एकच, तोही झाकणात बसवलेला. वेष्टनाच्या पाठीमागे सर्व गाण्यांचे शब्द छापलेले होते. ती गोष्ट तेव्हा नवी होती आणि आमच्या इंग्रजीला तिचा शाळेहून अधिक उपयोग झाला. आमचे वय पंधरा.

वडिलांना मात्र ही मंडळी पसंत नव्हती, आणि त्याला कारणही होते. जॉन लेननने मार्च १९६६ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्राच्या मुलाखतीत, आपण आता येशूपेक्षाही लोकप्रिय झालो आहोत, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. इंग्लंडात त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. उन्हाळ्यात तेच शब्द अमेरिकेत छापले गेले आणि तेथील दक्षिणेकडच्या राज्यांत त्यांच्या तबकड्यांच्या होळ्या पेटल्या. ऑगस्टमध्ये शिकागो येथे लेननने दिलगिरी व्यक्त केली. त्याच महिन्याच्या २९ तारखेस सॅन फ्रान्सिस्कोतील कार्यक्रम आटोपल्यावर चौघांनी दौरे कायमचे सोडले. प्रेक्षकांच्या किंकाळ्यांत स्वतःचेच वाद्य स्वतःला ऐकू येत नाही, या प्रकाराला ते आधीच विटले होते. रंगमंच सुटला म्हणूनच ते ध्वनिमुद्रणशाळेत महिनोन् महिने बसू शकले आणि त्यातून ही तबकडी जन्मली. (व्हॅटिकनच्या ‘लोस्सेर्व्हातोरे रोमानो’ या दैनिकाने २००८ च्या नोव्हेंबरात, ती अचानक यश लाभलेल्या एका कामगार वस्तीतील तरुणाची बढाई होती, असे म्हणून हा विषय मिटवला. वडील तोवर हयात नव्हते. नाहीतर ते कात्रण आम्ही त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवले असते.)

वडील चर्चमध्ये व्हायोलिन वाजवीत. आपण घरी नसताना काय वाजवायचे ते वाजवा, एवढी सवलत त्यांनी दिली होती. एकदा ते लवकर परतले तेव्हा ‘शीज लीव्हिंग होम’ हे गाणे चालू होते. यात ना गिटार ना ड्रम. केवळ तंतुवाद्ये आणि हार्प. एक मुलगी पहाटे चिठ्ठी ठेवून घर सोडते आणि मागे आईबाप, आपले काय चुकले, असे एकमेकांना विचारत राहतात, असा त्याचा विषय. वडील चपला न काढता दारात उभे राहिले. गाणे संपल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “व्हायोलिनचे हे कोणी लिहिले?” आम्हाला ठाऊक नव्हते. ते काम माईक लिअँडर यांचे आणि हार्प शीला ब्रॉमबर्ग यांची, हे आम्हाला कितीतरी वर्षांनी समजले.

आता थोडे यंत्राविषयी. त्या काळी लंडनच्या ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणशाळेत चार पट्ट्यांची फीत होती. म्हणजे एकावेळी चारच निरनिराळे आवाज स्वतंत्र ठेवता येत. चारही पट्ट्या भरल्या की त्या एकत्र करून दुसऱ्या फितीवरच्या एका किंवा दोन पट्ट्यांवर उतरवायच्या आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुढचे वाद्य घ्यायचे. प्रत्येक उतरवणीबरोबर खरखर वाढे आणि आवाजाची धार थोडी बोथट होई. पुढे सर्व पट्ट्यांचे अंतिम मिश्रण करायचे. त्याचे दोन प्रकार होते: एका स्पीकरसाठी मोनो आणि दोन स्पीकरांसाठी स्टिरिओ. १९६७ साली इंग्लंडच्या घरोघरी मोनोच चाले. म्हणून मोनो मिश्रणाच्या वेळी चौघेही हजर राहत आणि त्यावर पुष्कळ वेळ खर्च होई. स्टिरिओचे मिश्रण निर्माते जॉर्ज मार्टिन व त्यांचे तंत्रज्ञ यांनी नंतर, चौघांच्या गैरहजेरीत, लवकर उरकले.

पुढे जगाने स्टिरिओचीच कास धरली. १९८७ मध्ये ही तबकडी सीडीवर आली ती स्टिरिओत. आम्ही तेव्हा नोकरीत स्थिरावलो होतो. दोन उंच स्पीकर घेतले, सीडी लावली आणि मन खट्टू झाले. गाणारा एका भिंतीत, वाजवणारे दुसऱ्या भिंतीत! ‘शीज लीव्हिंग होम’ तर मंद आणि खालच्या सुरात लागले. सौ. म्हणाली, तुमची जुनी आठवण गोड, म्हणून नवे कडू लागते. तिचे म्हणणे बरेच दिवस आम्हालाही पटले होते. प्रत्यक्षात मोनो तबकडीवर हे गाणे फीत थोडी वेगाने फिरवून सुमारे अर्ध्या स्वराने चढवलेले होते आणि स्टिरिओत ते तसे केलेले नव्हते. म्हणजे मामांच्या झाकणातल्या त्या एकुलत्या स्पीकरातून आम्ही जे ऐकले तेच कर्त्यांनी मन लावून केलेले होते. २००९ च्या सप्टेंबरात जुन्या फितींवरून काळजीपूर्वक नव्या आवृत्त्या निघाल्या तेव्हा मोनोही प्रथमच सीडीवर आले आणि आमचा जीव भांड्यात पडला.

२००९ चे काम आणि २०१७ चे काम यांत फरक आहे. तयार मिश्रणाची फीत घेऊन तिचा आवाज स्वच्छ करणे हे रीमास्टर. जुन्या छायाचित्रावरची धूळ पुसण्यासारखे. सुट्या पट्ट्या घेऊन मिश्रणच नव्याने करणे हे रीमिक्स. आपल्याकडे रीमिक्स म्हटले की जुन्या हिंदी गाण्याला जोडलेला धडधडणारा ठेका डोळ्यांपुढे येतो. येथे तसे काही नाही. २०१७ मध्ये जाईल्स मार्टिन आणि सॅम ओकेल या दोघांनी उतरवणीपूर्वीच्या मूळ फिती काढल्या, त्या एकमेकींशी जुळवून घेतल्या आणि मोनोला प्रमाण मानून नवे स्टिरिओ घडवले.

हे जाईल्स म्हणजे जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव. थोरल्या मार्टिन यांचे कान उतारवयात पार गेले होते. ध्वनीवर हयात काढलेल्या माणसाला ते किती जड गेले असेल! मुलगा लहान वयापासूनच त्यांच्या कामात त्यांचे कान झाला. जॉर्ज मार्टिन ८ मार्च २०१६ रोजी वारले. नवी आवृत्ती त्यांना लाभली नाही.

ही माहिती आम्ही ज्या लक्षपूर्वक वाचली त्याचे कारण घरगुती आहे. आमच्याही उजव्या कानाने साठीनंतर असहकार पुकारला. वयाबरोबर प्रथम उंच स्वर जातात; ‘स’ आणि ‘श’ पुसट होतात, पाखरांची किलबिल विरळ होते. डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. उजवीकडे तो डोंगरउतारासारखा खाली गेलेला. श्रवणयंत्राने बोलणे समजते, संगीत मात्र त्यातून पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखे येते, म्हणून गाणी ऐकताना आम्ही ते काढून ठेवतो.

नव्या आवृत्तीचा संच आमच्या कन्येने आणला. ती २०११ पासून कॅनडात असते. २०१८ च्या नाताळात आली तेव्हा मासळीच्या लोणच्यासाठी रिकामी ठेवायची जागा या संचाने व्यापली होती. सणाचे पाहुणे गेल्यावर आम्ही दोघे दुपारी ऐकत बसलो.

सांगायला हरकत नाही, आम्ही हरखून गेलो. खालचे स्वर आमच्या कानांत शाबूत आहेत, आणि नेमके तेच या आवृत्तीत वर आले आहेत. मॅकार्टनीचा बेस पूर्वी गर्दीत चाचपडावा लागे, आता समोर येऊन बसतो. रिंगोच्या ड्रमचा एकेक आघात मोजावा. जॉर्ज हॅरिसनच्या ‘विदिन यू विदाउट यू’मध्ये तर तबला, तानपुरा, स्वरमंडळ व दिलरुबा वाजवणारी लंडनमधील भारतीय मंडळी आहेत आणि उरलेल्या तिघा बीटल्सपैकी कोणीच नाही. हॅरिसन १९६६ च्या सप्टेंबरात मुंबईस येऊन पंडित रविशंकरांकडे सतार शिकला, त्याचे हे फळ. दिलरुबा गळ्याची पाठराखण करतो, आपल्याकडे सारंगी करते तशी. आणि मग पाश्चात्त्य व्हायोलिने त्याच्या मींडेचा पाठलाग करू पाहतात. मामांच्या प्लेअरवर हे सारे एका धुक्यात होते. एक तक्रार मात्र आहे: नवा आवाज एकंदरीत मोठा आहे आणि जरा अंगावर येतो. जुन्या तबकडीत दोन वाद्यांमध्ये श्वास घ्यायला जागा होती.

‘व्हेन आयम सिक्स्टी फोर’ लागले तेव्हा कन्या आमच्याकडे पाहून हसली. आम्ही चौसष्टी ओलांडून वर्ष झाले होते. ‘शीज लीव्हिंग होम’ त्याच्या तीनच गाणी आधी येऊन गेले होते, योग्य वेगात, योग्य सुरात. पंधराव्या वर्षी आम्ही ते त्या मुलीच्या बाजूने ऐकले होते. कन्या चिठ्ठी ठेवून गेली नव्हती. आम्हीच विमानतळावर पोहोचवायला गेलो होतो, टॅक्सीचे पैसेही आम्हीच दिले होते. तरी त्या साडेतीन मिनिटांत दोघेही काही बोललो नाही, आणि तिने आवाज वाढवूही दिला नाही.

शेवटचे ‘अ डे इन द लाइफ’. ४० वादकांचा तो चढत जाणारा कल्लोळ, आणि मग अनेक हातांनी एकाच क्षणी पियानोंवर दाबलेला तो एक स्वरमेळ. तो विरत जातो तसतसा तंत्रज्ञांनी ध्वनिग्राहकांचा आवाज वाढवत नेला होता, त्यामुळे तो चाळीस सेकंदांहून अधिक काळ रेंगाळतो. “आता खुर्ची करकरली,” कन्या हळूच म्हणाली. आम्हाला ती ऐकू आली नव्हती. १९६८ साली येत होती, हे पक्के आठवते. ती सांगत गेली, आम्ही मान डोलावत गेलो.

त्या स्वरमेळानंतर, सेकंदाला सुमारे १५,००० कंपनांची एक बारीक शीळ या तबकडीवर मुद्दाम घातलेली आहे. कुत्र्यांना ऐकू यावी म्हणून केलेली ती चौघांची गंमत. आमच्या लेखी तबकडी संपली होती. आम्ही उठून बंद करायला निघालो. एवढ्यात कन्येने कानांवर हात ठेवले, आणि पायरीवर झोपलेला आमचा टायगर ताडकन उठून घरात कोण आले ते पाहू लागला.