पंखाखालचा धूर

फोटो पोस्टकार्डाच्या निम्म्याएवढा होता. हरिकेन जातीचं लढाऊ विमान आणि त्याच्या डाव्या पंखाच्या सावलीत बसलेली सात पोरं. कुणाच्या हातात पाना, कुणाच्या हातात चहाचा मग. मधोमध घडी पडून इमल्शनचे टवके उडालेले, एका कोपऱ्यात बुरशीची जाळी. पाठीवर शाईनं १९४४ आणि खाली ओल लागून पसरलेली काही नावं. १९९४ च्या मे महिन्यात शहापूरच्या माझ्या स्टुडिओत एक म्हातारे गृहस्थ तो रुमालात गुंडाळून घेऊन आले. "डावीकडून दुसरा मी," एवढंच म्हणाले.

महायुद्धात ते बर्मा आघाडीवर आर्मरर होते. विमानाच्या बंदुका साफ करायच्या, काडतुसांचे पट्टे भरायचे, हे त्यांचं काम. पुढं जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत लागले आणि निवृत्तीनंतर इथंच राहिले. आमच्या भागात फॅक्टरीमुळे अशी घरं बरीच. तरी विमानाचा फोटो माझ्याकडे पहिल्यांदाच आला होता आणि तो सुंदर करून द्यायचा, असं मी मनाशी ठरवलं.

मे महिन्यात भंडाऱ्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. डेव्हलपर लागतो वीस अंशांचा. जरा गरम झाला की इमल्शन मऊ पडतं, कडेनं सुटायला लागतं. म्हणून बर्फाची लादी आणायची, ती परातीत फोडायची, परातीत ट्रे ठेवायचा आणि रात्री अकरानंतर कामाला बसायचं. आधी मूळ फोटोची कॉपी निगेटिव्ह काढली. दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दिवे लावले, कारण जुन्या फोटोच्या गडद भागात चांदी वर येते आणि समोरून प्रकाश पडला की आरशासारखी चमकते. मूळ फोटोला मी तेव्हाही कधी ब्रश लावत नसे. सगळं काम कॉपीवर. निगेटिव्हवर रिटचिंगचं मीडियम चोळायचं, ते वाळलं की सुईसारखं टोक काढलेल्या शिसपेन्सिलीनं ठिपक्याला ठिपका लावत जायचं. प्रिंटमध्ये जे काळं दिसतं ते निगेटिव्हमध्ये पारदर्शक असतं. तिथं शिसं भरलं की प्रिंटमध्ये डाग नाहीसा होतो.

पंखाच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेपासून मागं गेलेले चार काळपट ओघळ होते. दोन रात्री बसून मी ते भरून काढले. पंख धुतल्यासारखा स्वच्छ झाला.

म्हाताऱ्यांनी नवा प्रिंट हातात घेतला, आधी स्वतःला पाहिलं, मग पंखाकडे पाहत राहिले.

"हे काहून पुसलं गा बापू?"

"डाग होते ना बाबाजी."

"डाग नोहे ते. बंदूक चालली त्या दिवशी. तिचा धूर होय तो."

मग त्यांनी समजावून सांगितलं. बंदुकांच्या तोंडाशी धूळ-पाणी जाऊ नये म्हणून पंखाच्या कडेला कापडाच्या चकत्या चिकटवायच्या. पहिली गोळी ती चकती फाडून जाते आणि मागं पंखावर काजळी ओढत नेते. विमान उतरलं की वैमानिकानं तोंड उघडायच्या आत जमिनीवरच्या माणसाला कळायचं, आज गोळीबार झाला. त्या पंखात बंदुका सहा होत्या. ओघळ चार. त्यांनी बोटानं रिकाम्या दोन जागा दाखवल्या. "या दोन अडकल्या. रातभर खोलून बसलो होतो मी."

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. मी डाग पुसत नव्हतो, त्या माणसाची एक रात्र पुसली होती. नशीब एवढंच की शिसं काढता येतं. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला आणि चारही ओघळ परत आले.

तेव्हापासून काम हातात घेण्याआधी मी वाचायला शिकलो. युद्धातल्या फोटोवर नुसती डागडुजी करून चालत नाही. विमानाच्या अंगावरचं गोल चिन्हच घ्या. ब्रिटिशांच्या चिन्हात मधे लाल ठिपका असे. पण जपानी विमानावरही लाल गोळा, म्हणून घाईत आपलंच विमान आपण पाडू नये यासाठी पूर्वेच्या आघाडीवर तो लाल काढून टाकला. हिंदी हवाई दलाची विमानंही हेच चिन्ह लावून उडत होती. स्वातंत्र्यानंतर काही काळ तिथं अशोकचक्र होतं, मग केशरी-पांढरं-हिरवं आलं. कृष्णधवल फोटोत हे सगळे राखाडीच. त्यातही फिल्म जुन्या पद्धतीची ऑर्थोक्रोमॅटिक असेल तर लाल काळा दिसतो आणि निळा फिका. आज पोरं मोबाइलमध्ये बटण दाबून असे फोटो रंगवून आणतात. एकानं बर्मातल्या हरिकेनवर तिरंगी चिन्ह उमटवून आणलं होतं. त्याला समोर बसवून मी तासभर सांगत होतो. वर्तमानपत्रांना दिलेल्या त्या काळच्या काही फोटोंत तर सेन्सॉरनंच ब्रश फिरवून नंबर किंवा अँटेना झाकलेल्या असतात. ते रंगकामही आता इतिहासच. त्याला हात लावायचा नाही.

आणि पाठ. फोटोची पाठ आधी स्कॅन करायची, मग तोंड. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर पहिल्या महायुद्धात डॉल्फिन विमान घेऊन फ्रान्सच्या आघाडीवर उडत होते. जून १९१८ मध्ये ते पडले. जर्मनांनी त्यांना मूठमाती दिली, पण नोंदीत नाव भलतंच लागलं. आज हँगार्डच्या दफनभूमीत त्यांच्या नावाची शिळा आहे. पसरलेल्या शाईतली अक्षरं लावताना मला वेलिणकर हटकून आठवतात. एक अक्षर चुकीचं लावलं की माणूस हरवतो.

वैमानिकांचं तरी नाव राहतं. इम्फाळच्या लढाईत पहिल्या स्क्वाड्रनचं नेतृत्व करणारे अर्जन सिंग, बर्मात लढून पुढे १९७६ मध्ये हवाई दलप्रमुख झालेले आपले हृषीकेश मुळगावकर, यांचे फोटो पुस्तकांत आहेत. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमनं त्या आघाडीची कितीतरी छायाचित्रं जपली आहेत. पण चकत्या चिकटवणाऱ्यांचे, इंजिन खोलणाऱ्यांचे फोटो आहेत ते गावागावांतल्या ट्रंकांत, लग्नपत्रिका आणि रेशनकार्डांच्या खाली. धानाच्या या मुलखात पावसाळा लागला की चार महिने त्या ट्रंका ओल पितात. बुरशीला जिलेटिन फार आवडतं. दरवर्षी काही चेहरे असेच जातात, म्हणून कुणाच्याही घरी गेलो की मी ट्रंकेची चौकशी करतो.

बाबाजी जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात त्यांची पणती फोटोची प्रत मागायला आली. आता मी स्कॅन करून इंकजेटवरच छापतो, पण एन्लार्जर काढून टाकलेला नाही आणि थोडा ब्रोमाइड कागद जपून ठेवला आहे. तिला डार्करूममध्ये घेऊन गेलो. लाल दिव्यात कोरा कागद डेव्हलपरमध्ये सोडला आणि ट्रे हलवत राहिलो. सगळ्यात काळं असतं ते आधी उमटतं. पंखाखालचे चार ओघळ आले, मग चाकाचं टायर, मग पोरांचे केस. डावीकडून दुसरा चेहरा यायला आणखी अर्धं मिनिट लागलं.